बायोचार टाकल्यावर पीक पिवळं पडतंय? आधी पिवळं पान वरचं की खालचं ते बघा

तक्रार दरवर्षी जुलैत येते आणि जवळपास एकाच शब्दांत येते. पऱ्हाटीचा (कापसाच्या काड्यांचा) बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा, पेरणीला ओळीत टाकला, उगवण बरी झाली, पंधरा-वीस दिवसांनी तेवढ्याच ओळी पिवळ्या पडून वाढ थांबली. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले. एक जण म्हणतो युरिया फेका. दुसरा म्हणतो बायोचारने सामू (मातीचा पीएच) वाढला, गंधक टाका. तिसरा म्हणतो हे सगळं थोतांडच आहे, पऱ्हाटी पेटवून मोकळं व्हायचं होतं.

तिघांनीही पान जवळून बघितलेलं नसतं. बायोचारनंतरच्या पिवळेपणाची कारणं वेगवेगळी असतात, एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. पुढे लिहिलेलं बहुतेक कापूस, तूर, सोयाबीनच्या काळ्या रानाबद्दल आहे. कोकणातल्या जांभ्या जमिनीचं गणित उलटं आहे, ते मध्ये एका ठिकाणी येईल.

पान बघायचं कसं

सकाळी दव उतरल्यावर रानात जा. धुऱ्याजवळची रोपं सोडा, आत दहा-बारा पावलं चालून पाच ठिकाणची रोपं बघा.

खालची, जुनी पानं आधी पिवळी पडली असतील, आख्खं पान शिरांसकट फिकट झालं असेल आणि शेंडा त्यामानाने हिरवा असेल, तर नत्र कमी पडतंय.

शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसत असतील, तर ती लोहाची कमतरता आहे. सोयाबीन, भुईमूग आणि ऊस ती लगेच दाखवतात.

पिवळेपणापेक्षा पानांच्या कडा करपलेल्या, टोकं वाळलेली आणि उगवणच विरळ असेल, तर क्षार किंवा राख बियाण्याच्या अंगाला लागली आहे. असं एक रोप मातीसकट उपटून मूळ धुवून बघा. मुळाचं टोक तपकिरी आणि आखूड दिसेल.

लोहाबद्दल शंका राहिली तर ५ ग्रॅम फेरस सल्फेट (हिराकस) १ लिटर पाण्यात विरघळवा, त्यात दोन थेंब साबणाचं पाणी घाला आणि कापसाच्या बोळ्याने एका पिवळ्या पानाच्या अर्ध्या भागालाच लावा. उरलेला अर्धा तसाच ठेवा. पाच-सहा दिवसांत लावलेली बाजू हिरवी होऊ लागली तर प्रश्न मिटला, लोहच आहे. काहीच फरक दिसला नाही तर फवारणीचा खर्च वाचला. ही परीक्षा पाच रुपयांत होते आणि तरी कुणी करत नाही.

खालची पानं पिवळी: नत्र अडकलं

कच्चा, म्हणजे खत-गोमूत्रात न मुरवलेला बायोचार दोन प्रकारे नत्र अडवतो. त्याच्या रिकाम्या छिद्रांत आणि पृष्ठभागावर अमोनियम (नत्राचंच एक रूप) धरलं जातं. शिवाय अर्धवट जळलेल्या काड्यांत सहज कुजणारा कर्ब शिल्लक असतो. तो खाताना जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच्या अंगात ओढतात. पूर्ण जळालेल्या बायोचारमध्ये असा कर्ब फार थोडा असतो. भट्टीतून तपकिरी राहिलेल्या काड्या, विशेषतः पऱ्हाटीच्या जाड बुडख्या, ही ओढ कितीतरी वाढवतात.

एकरी २ क्विंटल बायोचार सगळीकडे सारखा पसरला तर ही ओढ पिकाला जाणवणारही नाही. ती जाणवते ती दोन ठिकाणी: रोपाच्या तोंडाशी ओळीत कोरडा, कच्चा बायोचार ओतला तिथे, आणि ट्रॉली रिकामी करताना ढीग पडला होता त्या चार-पाच गुंठ्यांत. पिवळे चट्टे गोलसर असतील आणि ढिगांच्या जागी असतील तर पुढे शोधायची गरज नाही.

उभ्या पिकात उपाय: रोप लहान असेल तर युरियाची १ टक्का (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम), पीक महिन्याचं झालं असेल तर २ टक्के फवारणी, संध्याकाळच्या वेळी. कापसाला यासोबत एकरी २०-२५ किलो युरिया ओलीवर, रोपापासून चार बोटं लांब, डवरणीच्या आधी द्या म्हणजे तो मातीत जाईल. हा ठरलेल्या मात्रेतलाच एक हप्ता थोडा अलीकडे ओढायचा, वर जादा नाही. सोयाबीनला जमिनीतून युरिया देऊ नका. त्याच्या गाठी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कामाला लागतात, तोपर्यंत एक फवारणी पुरते. रोप उपटून गाठ फोडून बघा, आत गुलाबी-लाल दिसली तर ती काम करते आहे आणि पिवळेपणा आपोआप जाणार आहे.

युरिया बायोचारच्या ओळीवरच फेकू नका. ताज्या बायोचारचा सामू ९ ते १० असतो. त्याच्या संगतीत युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन हवेत जातो, नाकाला झोंबणारा वास आला की समजा पैसे उडाले.

वरची पानं पिवळी: इथे बायोचारवर खोटा आळ येतो

"बायोचारने सामू वाढला" हे वाक्य काळ्या चुनखडीच्या रानात तपासून बघण्यासारखं आहे. आकडेमोड सोपी आहे.

एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ८ लाख किलो भरतं. माती परीक्षणात मुक्त चुना ५ टक्के आला असेल (विदर्भ-मराठवाड्यात यात नवल नाही) तर तेवढ्या थरात ४०,००० किलो चुना आहे. आता एकरी २०० किलो बायोचार टाकला आणि त्यातला १० टक्के भाग राख आहे, ती सगळीच्या सगळी चुन्यासारखी वागली असं धरलं, तरी भर पडली २० किलोची. ४०,००० मध्ये २०. सामूमापीला तो फरक दिसणारही नाही.

याच हिशेबाने गंधकाचा सल्लाही तपासा. १ किलो गंधक जमिनीत पूर्ण आम्ल झालं तर सुमारे ३ किलो चुना खातं. ४०,००० किलो चुना संपवायला १२-१३ हजार किलो गंधक लागेल. एकरी १० किलो गंधक पिकाला अन्नद्रव्य म्हणून उपयोगी आहे, सोयाबीन आणि भुईमुगाला तर नक्कीच. पण त्याने सामू उतरेल ही आशा सोडा. जिप्समचंही तेच. जिप्सम चोपण जमिनीतला सोडियम हटवायला असतं, चुनखडीचा सामू उतरवायला नसतं.

मग लोहाची पिवळाई कुठून आली? बहुतेक वेळा पावसाची झड लागून रान पाणी धरून राहिलं म्हणून. चुनखडीच्या रानात पाणी साचलं की मातीच्या ओलीत बायकार्बोनेट वाढतं आणि लोह मुळाला मिळेनासं होतं. हे बायोचार नसलेल्या ओळींतही दिसायला हवं. शेजारच्या ओळी खरोखर हिरव्या आहेत का, की फक्त बायोचारच्या ओळींकडेच लक्ष आहे, हे प्रामाणिकपणे बघा.

एक अपवाद आहे. राखेने भरलेला बायोचार ओळीत, मुळाच्या अगदी भोवती पडला असेल तर तेवढ्या वीतभर मातीत सामू खरंच चढतो. एकराची सरासरी हलत नाही, पण रोप सरासरीत राहत नाही, त्या वीतभर मातीत राहतं. म्हणून पुढचा राखेचा भाग महत्त्वाचा आहे.

उपाय: आधी चर काढून पाणी बाहेर घालवा, त्याशिवाय कुठलीही फवारणी तात्पुरतीच. मग १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि २५ ग्रॅम विरी गेलेला चुना, वरचं द्रावण गाळून, ताजं ताजं फवारा. द्रावण तांबूस-गंजट व्हायला लागलं तर ते वापरू नका. चिलेटेड, म्हणजे रसायनाने बांधून ठेवलेलं लोह (इडीटीए) असेल तर १० लिटरला १० ग्रॅम. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हे इडीटीएचं चिलेट जमिनीतून दिलं तर चुनखडीत टिकत नाही, ते पानावरच द्या.

कडा करपल्या, उगवण विरळ

याचे दोन उगम. एक राख. दुसरं, उत्साहाच्या भरात नुसत्या दाट गोमूत्रात किंवा कच्च्या कोंबडीखतात भिजवलेला बायोचार थेट बियाण्याखाली टाकणं. बायोचार स्पंजसारखा आहे, त्याने क्षार शोषले की रोपाला ते तिथेच, एकवटून मिळतात.

पाऊस असेल तर एका चांगल्या सरीने क्षार खाली उतरतात, तेव्हा थांबा. पाऊस नसेल आणि पाणी हाताशी असेल तर एक हलकं पाणी द्या. तुटाळ्या भराव्या लागल्या तर नवीन बी बायोचारच्या रेषेत नको, चार बोटं बाजूला टोबा.

चूक रानात झालेली नसते, भट्टीत झालेली असते

चांगला बायोचार ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक ढेकूळ फरशीवर टाका: काचेच्या तुकड्यासारखा, किणकिणता आवाज यायला हवा. थप्प असा आवाज आला तर आतून लाकूडच आहे. मग चिमूटभर भुकटी दोन बोटांत चोळून नुसत्या पाण्याने हात धुवा. काळेपणा पाण्याने निघून गेला तर माल चांगला. बोटं तेलकट राहिली, साबण लागला, धुरकट डांबरासारखा वास आला तर डांबर शिल्लक आहे, तो माल पुढच्या भट्टीत परत घाला.

राखेसाठी: १ चमचा भुकटी १० चमचे शुद्ध पाण्यात (बॅटरीचं डिस्टिल्ड चालतं) तासभर हलवत ठेवा आणि सामूची पट्टी बुडवा. ८ ते १० नेहमीचं. १० च्या वर गेला तर राख जास्त आहे. भाताच्या तुसाच्या बायोचारला मात्र राखेचं प्रमाण बघून नाकारू नका, त्यात मुळातच सिलिका भरपूर असते.

आणि साखर कारखान्याच्या किंवा इतर बॉयलरमधली करडी राख पोत्यात भरून "बायोचार" म्हणून कोणी देत असेल तर ती राख आहे. ती काळ्या रानात घालून पैसे आणि सामू दोन्ही बिघडवू नका.

पऱ्हाटीसाठी खड्ड्याची भट्टी सगळ्यात सोयीची. स्वित्झर्लंडमध्ये आणि ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या मंडळींनी २०१४ च्या सुमारास 'कोन-टिकी' नावाची उघड्या तोंडाची शंकूच्या आकाराची भट्टी पुढे आणली, त्याचंच हे मातीतलं रूप. वर ५ फूट व्यास, तळाला अडीच फूट, खोली ३ फूट. भरून वाहिला तर साधारण १ घनमीटर माल होतो, म्हणजे वाळलेला धरून १०० ते १५० किलो. त्यासाठी ६-७ क्विंटल वाळलेली पऱ्हाटी लागते. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या पिंपाची फिरती भट्टीही विकसित केली आहे. ती धूर आवरते आणि शिकायला छान आहे, पण एका भरणीत मिळतं ते काही किलोंचं, एकराला पुरवायचं तर पिंपापाशी मुक्काम ठोकावा लागेल. पिंप वापरणार असाल तर कीटकनाशकाचं नको, आणि रंग-तेलाचं असेल तर पहिली एक आग नुसती पिंप भाजून काढायला.

खड्ड्यात काय चुकतं ते क्रमाने:

पऱ्हाटी ओली असते. काडी वाकवली की 'कट्' करून तुटली पाहिजे. ती वाकून साल सोलली गेली तर अजून दोन आठवडे वाळू द्या. पांढरा दाट धूर म्हणजे पाण्याची वाफ आणि न जळलेले वायू, तोच पुढे डांबर होऊन मालावर बसतो.

आग तळातून लावतात. तळाला चौकटीत रचलेल्या काड्यांच्या चुलीवर वरून पेटवायचं. ज्वाळा वर, माल खाली. वरची ज्वाळा हवेतला प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे खालचा थर जळून राख न होता कोळसा होऊन राहतो. सगळी किमया एवढीच आहे.

पुढचा थर कधी टाकायचा हे चुकतं. वरच्या काड्यांवर राखेची पातळ पांढरी साय धरू लागली की लगेच पुढचा थर. आधी टाकलात तर ज्वाळा दबून धूर होतो, उशीर केलात तर राख होते. घड्याळ बघू नका, साय बघा. थर एका हाताच्या पंजाएवढा जाड, त्याहून नको. बुडख्या आणि जाड खोडं पहिल्या तिसऱ्या हिश्शात टाका म्हणजे त्यांना शिजायला वेळ मिळेल, बारीक फांद्या शेवटी. बुडख्यांची माती झटकून घ्या. आणि पऱ्हाटीत अडकलेल्या ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचे तुकडे वेचून बाजूला काढा, प्लास्टिक एकही नको.

विझवताना कंजुषी होते. खड्डा भरला की ३००-४०० लिटर पाणी, कडेने ओतत, फावड्याने उलटत. वाफ थांबली म्हणजे विझलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हात मनगटापर्यंत आत खुपसून बघा. कुठेही कोमट लागलं तर पुन्हा पाणी. अर्धवट विझलेला बायोचार गोणीत भरून पत्र्याखाली ठेवला की तो आतून धुमसत राहतो, आणि रात्रीतून गोणी, शेजारचा कडबा, गोठा असा प्रवास करतो. आगीजवळ हे सगळं पाणी आधीच भरलेलं, भोवती दहा मीटर साफ जागा आणि वारा पडलेली सकाळ, हे तीन असतील तरच काडी ओढा.

पाण्याने विझवल्याचा काळ्या रानाला आणखी एक फायदा: थोडी राख आणि क्षार पाण्याबरोबर निघून जातात. सामू १० च्या वर आलेला माल असेल तर आणखी एकदा भिजवून पाणी निथळू द्या. कोकणात हे करू नका. तिथली जांभी माती आम्ल, सामू ५ ते ६, तिला हीच राख हवी असते. भाताच्या राबाची (रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजायची) जुनी रीत आठवा, तिथे राखेचाच उपयोग होता. बायोचारचं उत्पादनावर दिसणारं काम अशा आम्ल, पोषण धुऊन गेलेल्या जमिनीत सगळ्यात ठळक असतं. काळ्या रानाने तशी अपेक्षा ठेवू नये.

माल ओला असतानाच बारीक करा. गोणपाटात भरून वरून ट्रॅक्टरचं चाक दोनदा फिरवलं की हरभऱ्याएवढे तुकडे होतात, तेवढं बारीक पुरे. कोरडा कुटला तर काळी धूळ नाका-छातीत जाते आणि पीठ झालेला माल पहिल्या वळवाच्या पावसात वाहून बांधावर दिसतो.

मुरवण: इथे घाई करणारे जुलैत तक्रार करतात

कोरडा बायोचार म्हणजे रिकामी पोती. रानात गेल्यावर तो आधी स्वतःची पोती भरणार, मग पिकाला देणार. म्हणून पोती घरीच भरून न्यायची.

१०० किलो बायोचार (कोरडं वजन) धरा. २०० किलो कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. ५० लिटर गोमूत्र, तेवढ्याच पाण्यात मिसळून. वर शेणकाल्याचं किंवा जीवामृताचं पाणी, मूठ दाबली की बोटांतून थेंब येईल-न येईल इतक्या ओलीपर्यंत. आंब्याच्या किंवा कडुलिंबाच्या सावलीत दीड-दोन फूट उंच ढीग, वर गोणपाट. दर आठ दिवसांनी फावड्याने उलटा. उन्हाळा आहे, पाणी पुन्हा पुन्हा शिंपडावं लागेल. तीन ते चार आठवडे.

ढिगाला अमोनियाचा झोंबरा वास आला तर गोमूत्र जास्त झालं किंवा राख जास्त आहे. दोन टोपली कुजलेलं खत आणि सुका पालापाचोळा मिसळा, वास बसतो. नासक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त, हवा कमी. उलटून पसरवून एक दिवस ठेवा. ढीग मुरला की वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा येतो आणि त्यातला खडा पाण्याच्या ग्लासात टाकला तर तळाला बसतो. तरंगत राहिला तर त्याची छिद्रं अजून कोरडी आहेत.

शेवटची परीक्षा रानाआधी घरीच. दोन ताटल्या. एकीत नुसती रानातली माती, दुसरीत तीच माती नऊ भाग आणि मुरवलेला बायोचार एक भाग. दोन्हीत मुळ्याचं दहा-दहा बी. सात दिवसांनी मोजा आणि मुळं धुवून बघा. दुसऱ्या ताटलीत दोनपेक्षा जास्त बी कमी उगवलं किंवा मुळांची टोकं तपकिरी दिसली तर ढीग अजून दोन आठवडे तसाच राहू द्या.

वेळापत्रक यावरून उलटं मोजा. जूनमध्ये पेरणी, तर मे महिनाभर मुरवण, भट्टी मार्च ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पऱ्हाटी जानेवारीतच चिमट्याने उपटून वाळत घातलेली. हे उशिरा करण्यात दुसराही तोटा आहे. गुलाबी बोंडअळी न फुटलेल्या बोंडांत, धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत मुक्काम करते. गंजी मे-जूनपर्यंत ठेवून मग भट्टी करणं म्हणजे पाहुण्याला पावसाळ्यापर्यंत पोसणं.

किती टाकायचा: पुस्तकातला आकडा विसरा

हेक्टरी १० टन, २० टन असे आकडे वाचायला मिळतात. ते जमायचे नाहीत. एका एकरातून साधारण १० क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते, खड्ड्याच्या भट्टीत तिचा पाचवा हिस्सा बायोचार होतो. म्हणजे एकरातून एकरालाच २ क्विंटल. तो फोकला तर प्रत्येक चौरस फुटावर ५ ग्रॅमसुद्धा पडत नाही, फोकण्याला काही अर्थ नाही.

तो रोपाच्या मुळाशी टाकायचा. चार फुटी कापसात एकरी ओळींची लांबी भरते सुमारे ३,३०० मीटर. २०० किलो बायोचार, ४०० किलो खत आणि ओल मिळून ८०० किलो मिश्रण, म्हणजे दर मीटरला पाव किलोपेक्षा जरा कमी, दोन मुठी. सरीच्या तळाला, बियाण्याच्या खाली आणि चार बोटं बाजूला, वर माती ओढून. बी बायोचारवर टेकलेलं नको. ४ बाय १ फुटावर टोबणी असेल तर एकरी १०,९०० च्या आसपास जागा, प्रत्येकी एक छोटी मूठ.

मुळाशी कमी मात्रेत टाकण्याला आधार आहे. नेपाळमध्ये भोपळ्यावर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हेक्टरी ७५० किलो, म्हणजे एकरी ३ क्विंटलच, बायोचार गोमूत्रात मुरवून मुळाशी दिला होता. हेक्टरी ८२.६ टन भोपळा निघाला, नुसतं गोमूत्र दिलेल्यापेक्षा चौपट, नुसता बायोचार दिलेल्यापेक्षा ८५ टक्के जास्त. एक पीक, एक ठिकाण, त्यामुळे आपल्या कापसालाही चौपट असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण नुसता बायोचार आणि मुरवलेला बायोचार यांतला फरक त्यातून नीट दिसतो.

रान निवडताना हलकं, मुरमाड, पाणी न धरणारं आधी निवडा. दोन-तीन फूट खोल भारी काळ्या मातीला पाणी धरायला बायोचारची गरज नाही, ती जास्तच धरते. आणि ज्या काड्यांचं दुसरं सोनं होतं त्या भट्टीत घालू नका: सोयाबीनचं कुटार, गव्हाचा भुसा, ज्वारीचा कडबा आधी जनावराला. बायोचार पऱ्हाटी, तुराट्या आणि बाभळीच्या छाटणीचा.

पहिल्या वर्षी सगळं रान कधीच करू नका. चार ओळी मुरवलेला बायोचार, चार ओळी तेवढंच खत बायोचारशिवाय, चार ओळी नेहमीप्रमाणे. खुणेला खुंट्या ठोका. मधल्या चार ओळी लोक गाळतात, आणि मग सुधारणा खताची होती की बायोचारची हे कधीच कळत नाही.

बारीकसारीक तक्रारी

*तणनाशक चाललं नाही.* बायोचार उगवणीपूर्वीची तणनाशकं धरून ठेवतो, त्यामुळे त्या पट्ट्यात तण वाचतं. मात्रा वाढवू नका. ओळीतलं तण खुरप्याने, मधलं डवऱ्याने.

*माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब वाढलाच नाही.* प्रयोगशाळेत वापरतात ती डायक्रोमेटची पद्धत बायोचारमधला घट्ट कर्ब पूर्ण मोजत नाही. शिवाय ८ लाख किलो मातीत २०० किलो बायोचार शोधतो आहोत. आकडा हलला नाही म्हणून बायोचार नाहीसा झाला असं नाही. नमुना घेताना ओळीतला घेतला की दोन ओळींमधला, हेही लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीचा नमुना दुसऱ्याच जागचा असेल.

*दुसऱ्या वर्षी परत टाकायचा का?* पहिला मातीत तसाच आहे. पऱ्हाटी पुन्हा निघणारच आहे, तर शेजारच्या ओळींत टाका, किंवा गोठ्यात जनावरांखाली अंथरा. तिथे तो मूत शोषतो, वास कमी करतो आणि उकिरड्यावर जाईपर्यंत आपोआप मुरतो. मुरवणीचे चार आठवडे आणि फावड्याची मेहनत वाचवायची तर याहून सोपा मार्ग नाही. एवढंच, की गोठ्यात अंथरायचा तो ओलसर हवा, कोरडी भुकटी जनावराच्या नाकात जाते.